अचानक लेकरू गेलेल्या आईबापांसाठी सोबतिणी कशा तयार कराव्यात

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात बचत गटांबरोबर काम करणाऱ्या एका ताईंचा आहे. त्यांच्या भागात दोन-चार महिन्यांची काही बाळं ताप-आजार काही नसताना झोपेतच गेली. आयांशी गावात कोणी धड बोलत नाही. अशाच दुःखातून गेलेल्या बायकांना शिकवून या घरांत सोबतीण म्हणून पाठवावं, असं त्यांच्या गटाने ठरवलं आहे. कोणाला निवडावं, किती दिवस शिकवावं, काय शिकवावं आणि हे काम आशाताईंकडेच द्यावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं राहतं. त्याच गावच्या आशाला हे काम देऊ नका. तिची माया कमी असते म्हणून नाही, ती अडकलेली असते म्हणून. बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जाऊन बाळ बघायचं काम तिचंच होतं. मृत्यूची खबर वर कळवणारी तीच, आणि बालमृत्यू अन्वेषणाचा, म्हणजे बाळ कसं गेलं याच्या सरकारी चौकशीचा, कागद घेऊन नर्सबाई येतात तेव्हा त्यांच्याबरोबर असते तीही तीच. घरच्यांच्या मनात "हिने वेळेवर सांगितलं असतं तर" असतं, आणि तिच्या मनात "माझ्यावर येईल का" ही धाकधूक. अशा दोन माणसांमध्ये मोकळं बोलणं होत नाही. आशाताईंनी दार उघडून द्यावं, विचारून यावं. बसायला दुसऱ्या कोणी जावं.

यातूनच पहिला नियम निघतो: चौकशी करणारी माणसं वेगळी आणि सोबतीण वेगळी. बाळ कशाने गेलं हे शोधणं डॉक्टरांचं, आरोग्य खात्याचं, कधी पोलिसांचं काम. सोबतिणीने कारण विचारायचं नाही, सांगायचं नाही, अंदाज करायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रशिक्षणाचा निम्मा वेळ याच एका गोष्टीत जातो. कारण आई पहिल्याच भेटीत विचारते, "माह्या अंगाखाली तं नाही ना आलं?"

निवड

स्वतःचं लेकरू जाऊन निदान दोन वर्षं झालेली बाई घ्या. त्याआधीची जखम ओली असते, आणि दुसरीच्या घरी बसल्यावर ती आपल्याच लेकरासाठी रडू लागते. दोन वर्षं झाली म्हणजे आपोआप तयार झाली, असंही नाही. निवडीच्या बोलण्यात एवढंच बघा की ती आपल्या बाळाबद्दल थांबून, श्वास घेऊन बोलू शकते का, आणि समोरची बोलायला लागली की स्वतः गप्प होते का. दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची. भजनी मंडळात किंवा गटाच्या बैठकीत सतत पुढे असणारी बाई इथे बहुधा चालत नाही.

सध्या गरोदर असलेली किंवा कडेवर तान्हं असलेली बाई आत्ता नको. सहा-सात महिन्यांचं बाळ घेऊन अशा घरी गेलं की आईचा जीव तुटतो, आणि त्याच घरातली एखादी म्हातारी "हिची नजर लागेल" म्हणून सुनेला आत पाठवते. दोघींचाही अपमान होतो.

सोबतीण त्याच गावची किंवा त्याच भावकीतली नसावी. पाच-दहा किलोमीटरवरचं गाव बरं, म्हणजे एसटीने किंवा कोणाच्या गाडीवर जाऊन दिवेलागणीच्या आत परत येता येतं. भाषा मात्र तीच हवी. धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, भामरागड-एटापल्लीत माडिया, झरी-केळापूरकडे कोलामी, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर गोरमाटी. मराठी समजते आणि मराठीत रडता येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुरुषही लागतील. निदान एक तृतीयांश सोबती बाप असावेत. बापाशी घरात बोलणं होत नाही. धुऱ्यावर, पानठेल्यामागे, गाडी पुसता पुसता होतं, आणि समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी चालताना जास्त होतं. लेकराला हातांवर घेऊन पुरायला गेलेला बहुतेक वेळा तोच असतो. ते त्याने कोणाला सांगितलेलं नसतं.

किती दिवस, कधी

सलग पाच दिवसांचं निवासी शिबिर करू नका. दुःख दिवसभर उकरायचं आणि रात्री अनोळखी गादीवर झोपायचं, हे सोसवत नाही. आठवड्यातून एक दिवस, सकाळी ११ ते ४, असे सहा दिवस घ्या. एका तुकडीत १२ जण, फार तर १४. शिकवणारे दोघं, त्यांतला एक जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला समुपदेशक किंवा मानसोपचाराची जाण असलेला माणूस. एखादी बाई उठून बाहेर गेली तर एकाने तिच्यामागे जायचं असतं, म्हणून दोघं.

कापूस वेचणीत, म्हणजे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, कोणी येणार नाही. पूर्वेकडे धानाच्या रोवणीत आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात तेच. फेब्रुवारी-मार्च बरा. बसभाडं आणि त्या दिवसाची मजुरी द्या, भेटींसाठीही द्या. "सेवा आहे, पैसे कशाला" असं म्हणणाऱ्या गटांची कामं दुसऱ्या हंगामात बंद पडतात, कारण मजुरी बुडवून पुण्य करणं मजुराला परवडत नाही.

सहा दिवसांत काय

पहिल्या दिवशी सगळ्यांना आपापली कहाणी सांगायला लावू नका. ही चूक सर्वात जास्त होते. बारा कहाण्या, प्रत्येक वीस मिनिटांची, आणि संध्याकाळी अख्खी खोली गळून गेलेली. पहिल्या दिवशी फक्त नाव, गाव, बाळाला काय म्हणून हाक मारायचे, आणि या कामातून काय नको, एवढंच. कहाणी दुसऱ्या दिवशी, तीनतीनच्या गटात, आणि ज्यांना सांगायची आहे त्यांनीच.

दुसरा-तिसरा दिवस ऐकण्याचा. तिघींचा गट करा: एक आई, एक सोबतीण, एक बघणारी. दहा मिनिटं बोलणं, पाच मिनिटं बघणारीने काय दिसलं ते सांगणं, मग पाळी बदलायची. बघणारीने तीनच गोष्टी मोजायच्या: किती वेळा सल्ला दिला, किती वेळा स्वतःचं मध्ये आणलं, आई गप्प झाल्यावर किती वेळ थांबता आलं. सुरुवातीला पाच सेकंदही थांबवत नाही. तिसऱ्या दिवसाच्या शेवटी अर्धं मिनिट जमलं तरी खूप झालं.

स्वतःच्या दुःखाबद्दल दोन वाक्यांचा नियम लावा. "माहं बी लेकरू असंच गेलं, चार वर्षं झाली. म्हणून मी आली." संपलं. आईने पुढे विचारलं तर विचारलं तेवढंच सांगायचं. याच्या पुढे गेलं की तुलना सुरू होते, "माहं तं आठ महिन्यांचं होतं, बसायला लागलं होतं", आणि आई आपलं दुःख लहान समजून मुकी होते.

न बोलायची वाक्यं फळ्यावर लिहून घ्या, आणि ती बायकांकडूनच काढून घ्या, कारण प्रत्येकीला ती कोणीतरी म्हणालेलं असतं. "दुसरं होईल." "देवाला आवडलं." "बरं झालं, मोठं होऊन गेलं असतं तं जास्त त्रास झाला असता." "रडू नको, दुसऱ्या पोराकडे पाह्य." मुलगी गेली असेल तर "पोरगीच होती." ज्या बाईने हे ऐकून दातओठ खाल्ले होते, तीच घाबरली की हीच वाक्यं बोलते, कारण तोंडात तीच बसलेली असतात. म्हणून नुसतं लिहून भागत नाही, सरावात तिला ती म्हणू द्यायची आणि "आई" झालेल्या बाईने काय वाटलं ते तिथल्या तिथे सांगायचं.

चौथा दिवस माहितीचा. सोबतीण कारण सांगणार नाही, पण तिला स्वतःला कळलेलं हवं, नाहीतर गावाच्या संशयात तीही सामील होते. वरवर ठणठणीत असलेलं बाळ झोपेत जातं, असं वर्षाच्या आतल्या बाळांत जगभर घडतं, आणि दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वात जास्त. शवविच्छेदन आणि पूर्ण तपास होऊनही कारण न सापडणं, हे या मृत्यूंचं वैशिष्ट्यच आहे. खेड्यात शवविच्छेदन क्वचितच होतं, म्हणून "हा तोच प्रकार" असं नाव कोणीही देऊ नये.

दोन गोष्टी मुद्दाम शिकवा. एक, मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं, म्हणून ज्या कुशीवर बाळ होतं तिथे निळे-जांभळे चट्टे दिसतात. नाकातोंडाशी गुलाबी फेसही येऊ शकतो. गावात याचा अर्थ गळा दाबला, विष दिलं, करणी केली असा लावला जातो, आणि बोट सुनेकडे जातं. दुसरी गोष्ट लसीची. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी नेमक्या त्याच वयात येतात ज्या वयात हे मृत्यू जास्त होतात. त्यामुळे "परवा सुई दिली आणि आज गेलं" हे घडणारच, आणि आईबापांना ते कारण वाटणारच. सोबतिणीने वाद घालायचा नाही, "लसीमुळे नाही" असा निकालही द्यायचा नाही. लसीनंतर झालेल्या प्रत्येक मृत्यूची वेगळी चौकशी होते. ती मागायचा हक्क घरच्यांना आहे आणि नर्सबाईंना लगेच सांगायचं, इतकं तिने सांगावं.

जुळ्यांतलं एक गेलं असेल तर दुसऱ्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. एवढी एकच गोष्ट अशी आहे जिथे सोबतिणीने वाट न पाहता स्पष्ट सांगायचं.

बाळाला उताणं झोपवणं, बाळाच्या खोलीत बिडी-चुलीचा धूर नको, मऊ गोधड्यांचा ढीग नको, हे सगळं खरं आहे, पण बाळ गेलेल्या आईला पहिल्या भेटीत हे सांगणं म्हणजे "तू मारलंस" म्हणणं. ते पुढच्या गरोदरपणात, तिने विचारल्यावर, नर्सबाईंनी सांगायचं.

पाचवा दिवस आईच्या अंगाचा आणि कागदांचा. लेकरू गेलं की घरी येणाऱ्या भेटीही थांबतात, आणि ओली बाळंतीण असलेल्या त्या बाईकडे कोणी बघत नाही. ४२ दिवसांच्या आत जास्त रक्तस्राव, ताप, सतत डोकेदुखी, पायांना सूज असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं, बाळ असो वा नसो. दूध हा तर वेगळाच छळ. दोन-तीन महिने पाजणाऱ्या आईचे स्तन एका दिवसात दगडासारखे होतात. लुगड्याने करकचून बांधायची पद्धत आहे, ती टाळा, त्याने गाठी होतात. थंड ओलं फडकं ठेवावं, अंगावर नीट बसणारं पोलकं घालावं, आणि ताण असह्य झाला की बरं वाटेल एवढंच दूध हाताने काढावं, पूर्ण नाही. रोज थोडं थोडं कमी करत गेलं की ते आटतं, साधारण दोनेक आठवड्यांत. पाणी पिणं कमी करायची गरज नाही. स्तनावर लाल चट्टा, ताप, थंडी वाजणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना. दूध आटवायची गोळी असते, पण ती डॉक्टरच ठरवतील, रक्तदाब वाढलेला असेल तर खासकरून.

कागदांचं थोडक्यात. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांत करायची, आणि जन्माची राहिली असेल तर तीही. बाळ मृतावस्थेत दवाखान्यात आणलं तर पोलिसांना कळवलं जाऊ शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली, म्हणजे जुन्या १७४ खाली, आकस्मिक मृत्यूची नोंद आणि पंचनामा होतो. हा आरोप नव्हे, हे घरच्यांना माहीत नसतं. माता-बाल संरक्षण कार्ड, टोपी, हातापायातले काळे मणी जाळायच्या किंवा फेकायच्या आधी आईला विचारावं. मोबाईलमधले फोटो दुसऱ्या एखाद्या फोनमध्ये किंवा कार्डावर उतरवून ठेवावेत. फोन फुटला की बाळाचा एकमेव फोटो जातो, आणि हे वारंवार होतं.

सहावा दिवस धोक्याचा. विदर्भात हे टाळून प्रशिक्षण संपवूच नका, कारण इथे घराघरात फवारणीचं औषध असतं. "मरून जावं असं मनात येते काय?" हे सरळ विचारायला शिकवा. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बाई मोकळी होते. "हो" आलं तर तिला एकटी ठेवायचं नाही, औषधाचे डबे-बाटल्या त्याच दिवशी घरातून हलवायच्या, घरच्या एका भरवशाच्या माणसाला तिच्यासमोरच सांगायचं, आणि टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन लावायचा. तो नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. विष घेतलंच असेल तर १०८. बापाचं पिणं वाढलं, तो शेतात एकटाच झोपायला लागला, तर हेच प्रश्न त्यालाही.

बाळाचं रडणं ऐकू आल्यासारखं वाटणं, रात्री कूस चाचपणं हे दुःखात होतं. ते वेड नाही, आणि हे ऐकून आयांना फार हलकं वाटतं. पण बाळंतपणाला थोडेच आठवडे झालेत, बाई दोन-तीन रात्री झोपलेलीच नाही, असंबद्ध बोलते, "बाळ जिवंत आहे, लपवलंय" असं ठामपणे म्हणते, तर तो आजार आहे आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यायचं. मांत्रिकाकडे, भुमकाकडे (आदिवासी गावातल्या पुजाऱ्याकडे) जायचं की नाही यावर वाद नको. घरचे जाणार असतील तर जाऊ द्या, दवाखाना मात्र त्याआधी.

पहिली भेट

बोलावल्याशिवाय जायचं नाही. आशाताईंनी विचारायचं, "असंच लेकरू गेलेली एक बाई आहे, येऊ दे काय?" हो आलं तर साधारण सातव्या-दहाव्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर. आधी गर्दी असते, नंतर एकदम शुकशुकाट. पहिल्यांदा दोघी जा.

जाताना फळं, कपडे, पैसे काही नको. जिथे पाळणा टांगलेला होता किंवा ज्या बाजेवर बाळ झोपायचं तिथे बसू नका, विचारून खाली चटईवर बसा. फोन बंद. सासू बहुतेक वेळा जवळच बसलेली असते, आणि तिच्यासमोर सून बोलत नाही. सासूला उठवायचं नाही, आधी तिच्याशीच बोलायचं, नातू तिचाही होता. दुसरी सोबतीण पंधरा मिनिटांनी तिला घेऊन ओट्यावर जाते. दोघी जाण्याचा खरा उपयोग हा. मग आईला म्हणायचं, "बाई, तुले बोलावंसं वाटलं तं बोल, नाही तं मी अशीच बसतो." बाळाला काय म्हणून हाक मारायचे ते विचारायचं, आणि पुढे तेच नाव वापरायचं. बारसं झालेलं नसलं तरी घरात काहीतरी नाव असतंच. "अंगाखाली आलं का" हा प्रश्न आला की उत्तर ठरलेलं: "ते मले माहीत नाही, बाई. तुले रात्रंदिवस हेच वाटत असंल ना?" आणि थांबायचं. "नाही नाही, असं काही नसते" म्हणायचा मोह आवरायचा. खोटा दिलासा तिला लगेच ओळखू येतो आणि ती पुन्हा विचारत नाही. पाऊण तास पुरे. निघताना पुढचा दिवस आणि वेळ सांगायची आणि पाळायची. बाजाराचा दिवस टाळा.

थोरलं भावंड घरात असेल तर एक गोष्ट आईबापांना सांगून या: "बाळ झोपलं" किंवा "देवाघरी खेळायला गेलं" असं पोराला सांगू नका. ते झोपायला घाबरतं. "बाळ मेलं, आता परत येणार नाही, तुझी काही चूक नाही", एवढंच.

महिनाभर आठवड्याला एक, तीन महिन्यांपर्यंत पंधरवड्याला एक, मग वर्षभर महिन्याला एक, असा अंदाज ठेवा. काही दिवस आधीच वहीत मांडून ठेवा: पहिला वाढदिवस, गेलेला दिवस, तान्हा पोळा, आणि संक्रांतीचं बोरन्हाण. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारी येतात आणि हळदीकुंकवाच्या घरात या आईला बोलावणं येत नाही, तेव्हा भेट हवी.

आईचं "ऑपरेशन", म्हणजे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, झालेलं असेल तर दुःखाची जात वेगळी असते. नस पुन्हा जोडायची शस्त्रक्रिया होते, पण मूल राहीलच याची खात्री नाही. सोबतिणीने आशा लावू नये, तोडूही नये, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावं. आणि ऑपरेशन झालेलं नसेल तर "लवकर दुसरं घ्या" म्हणणाऱ्या घरच्यांसमोर आईची बाजू तिला स्वतःला मांडू द्यावी.

सोबतिणीची काळजी

एका सोबतिणीकडे एका वेळी दोनच नवी घरं. दर महिन्याला दोन तासांची बैठक, प्रत्येकीने एका भेटीबद्दल बोलायचं, नाव-गाव न घेता. सलग दोन बैठका चुकवल्या तर तिला नवं घर देऊ नका आणि तिच्याच घरी कोणीतरी जा. तिच्या बाळाच्या तिथीच्या महिन्यात तिला सुट्टी द्या, तिने नको म्हटलं तरी.

गुप्ततेची सीमा पहिल्याच भेटीत घरच्यांना सांगायची: इथलं बाहेर जाणार नाही, फक्त कोणाच्या जिवाला किंवा घरातल्या लेकराला धोका दिसला तर मला वरच्या ताईंना सांगावं लागेल. मारहाण दिसली, किंवा बाळाच्या मृत्यूत काही काळंबेरं वाटलं, तरी सोबतिणीने स्वतः खोदायचं नाही. त्याच दिवशी देखरेख करणाऱ्या ताईंना फोन, पुढचं त्या बघतील. जबाब देण्यासाठी तिला पुढे करू नका. एकदा ती साक्षीदार झाली की आसपासच्या दहा गावांत सोबतिणींना कोणी घरात घेणार नाही.

नोंदवही साधी ठेवा: घराचा क्रमांक, भेटीची तारीख, किती वेळ, पुढची तारीख, आणि धोका आहे-नाही याची एक खूण. आई काय बोलली ते लिहायचं नाही. अन्वेषणासाठी कोणी वही मागितली तर त्यात द्यायला काही असू नये.